वंशवृक्ष आणि पारंब्या

आमचे एक वृद्ध स्नेही गेलीं कित्येक वर्षें आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याच्या खटपटींत आहेत. वसई तालुक्यांतील जुन्या वाड्यांतून हिंडून, उपाध्यायांच्या वह्या चाळून, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी टिपून घेऊन त्यांनीं चौदा पिढ्यांचीं नांवें जमविलीं, आणि शेवटीं एका मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढून तो, प्रस्तावनेच्या विनंतीसह, आमच्याकडे पाठविला. आम्हीं तो मेजावर पसरला, तेव्हां दुसऱ्या पिढीपाशीं एके ठिकाणीं कागद खरवडलेला दिसला. तेथें पूर्वीं एक नांव होतें. विचारतां कळलें कीं, पोर्तुगीज अमदानींत त्या पुरुषानें बाप्तिस्मा घेतला. त्याचे वंशज आजही शेजारच्या वाडींत राहतात, आणि लग्नकार्यांत दोन्ही घरांचें एकमेकांकडे जाणेंयेणेंही आहे. “मग नांव खोडलें कां?” असें आम्हीं विचारलें. स्नेही म्हणाले, “अहो, फांदी तुटून पडली. तुटलेली फांदी वृक्षावर कशी दाखवावयाची? आणि प्रस्तावनेंत एवढें एक वाक्य आपण आवर्जून घाला, कीं आमच्या कुळांत बाहेरचें कांहीं आलें नाहीं आणि आमचें कांहीं बाहेर गेलें नाहीं. सृष्टीचाच हा नियम आहे. आंब्याला आंबाच लागतो.”

हें शेवटचें वाक्य त्यांनीं सहज उच्चारलें, पण त्यानेंच आमची लेखणी अडली. आपल्या कुळाचा अभिमान कोणीं किती बाळगावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु त्यासाठीं सृष्टीची साक्ष काढली, म्हणजे ती साक्ष तपासून पाहण्याचा अधिकार इतरांसही प्राप्त होतो.

साक्ष वरवर पाहतां बळकट दिसते. चार्ल्स डार्विन यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत आकृति अशी एकच घातली, आणि ती फुटत जाणाऱ्या फांद्यांची होती. एका पूर्वजापासून अनेक वंशज व्हावे, त्यांनीं एकमेकांपासून दूर जावें, आणि एकदां दूर गेलेली फांदी दुसरीस पुन्हा मिळूं नये, असें तें चित्र होतें. वारसा वरून खालीं येतो, बापाकडून मुलाकडे, बीजाकडून रोपाकडे. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे येत नाहीं. आमच्या स्नेह्यांचा कागद आणि डार्विनचें चित्र हीं दोन्ही एकाच साच्यांतलीं म्हणावयास हरकत नाहीं.

या चित्रास पहिला तडा १९२८ सालीं लंडनमध्यें गेला. फ्रेडरिक ग्रिफिथ हा फुफ्फुसदाहाच्या जंतूंचा अभ्यास करीत होता. या जंतूंची एक जात घातक व दुसरी निरुपद्रवी असते. त्यानें घातक जंतु उष्णतेनें मारले, त्यांत जिवंत निरुपद्रवी जंतु मिसळले, आणि तें मिश्रण उंदरांस टोंचलें. मेलेले जंतु अपाय करूं शकत नाहींत, जिवंत होते ते करीत नाहींत. तरीही उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तांत जिवंत घातक जंतु सांपडले. मेलेल्यांची विद्या जिवंतांनीं उचलली होती! ही विद्या ज्या द्रव्यांत सांठविलेली असते तें डीएनए होय, हें ॲव्हरी व त्याचे दोन सहकारी यांनीं न्यूयॉर्क येथें १९४४ सालीं दाखविलें. पुढें दोनच वर्षांनीं लेडरबर्ग व टेटम यांना असें आढळलें कीं, जिवंत जंतु एकमेकांस चिकटून आपल्या जनुकांची देवघेव करतात. यानंतर जपानांत आमांशाचे असे जंतु दिसूं लागले, कीं ज्यांच्यावर एकाच वेळीं तीनचार औषधें चालेनात. आणि ही शक्ति ते आपल्या संततीसच नव्हे, तर निराळ्या जातीच्या जंतूंसही देत होते. वारसा उभा असतो तसा आडवाही असतो, हें अशा रीतीनें शास्त्रज्ञांस मान्य करावें लागलें.

यावर आमचे स्नेही म्हणतील, जंतूंना कसलें आलें आहे कुळ आणि कसला कुलाचार! म्हणून आपण जंतूंची गोष्ट सोडून उपवासाच्या ताटाकडे येऊं. महाशिवरात्रीस तुंगारेश्वराचा डोंगर चढून आलेल्या माणसाला घरीं काय वाढतात? रताळ्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. यांपैकीं रताळें, बटाटा आणि शेंगदाणा हे तिन्ही, तसाच ज्या कंदापासून आपल्याकडील साबुदाणा होतो तो कंदही, अमेरिका खंडांतून आलेले आहेत. आणि खिचडींतली मिरचीही तिकडचीच. आमच्या ऋषींनीं यांचें नांवही ऐकलें नव्हतें. ‘बटाटा’ हा शब्द तर आणखी गमतीचा आहे. कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवासी रताळ्यास जें म्हणत, तें नांव युरोपियनांनीं उचललें, तें दुसऱ्याच कंदास चिकटलें, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून आमच्याकडे येतांना त्या दुसऱ्या कंदाचेंच होऊन आलें. असो. धान्य वर्ज्य करून शुद्ध व्हावें म्हणून जें आम्ही खातों, तें बहुतेक समुद्रावरून आलेलें आहे, एवढेंच येथें सांगावयाचें.

पण रताळ्याचें परकेपण येथेंच संपत नाहीं. २०१५ सालीं बेल्जममधील गेंट विद्यापीठ आणि पेरू देशांतील लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांच्या संशोधकांनीं रताळ्याचे २९१ लागवडीचे वाण तपासले. त्या प्रत्येकांत ॲग्रोबॅक्टेरियम नांवाच्या, मातींत राहणाऱ्या जीवाणूचीं जनुकें आढळलीं. हा जीवाणु झाडाच्या जखमेंतून आंत शिरतो व आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशींत घुसवून देतो. त्यानें झाडास गांठी येतात. केव्हांतरी असाच एक तुकडा रताळ्याच्या पूर्वजांत शिरला आणि कायमचा राहिला. रताळ्याच्या ज्या रानटी भाऊबंदांची तपासणी झाली, त्यांत तो मिळाला नाहीं. म्हणजे माणसानें पोटाशीं धरलें तें रताळें, एका जंतूचा वारसा अंगांत घेऊन बसलेलेंच होतें. एकादशीस हें सोंवळ्यांत उकडून खातात, आणि तें खाणाऱ्याच्या शुद्धतेस त्यामुळें कोठें बाध आल्याचें ऐकिवांत नाहीं.

वसईच्या बागाईतदारांस पांढऱ्या माशीचा त्रास नवा नाहीं. तिचीही गोष्ट अशीच आहे. किडीनें आपणांस खाऊं नये म्हणून वनस्पति आपल्या पानांत कांहीं विषारी द्रव्यें तयार करतात, आणि तीं आपणांसच बाधूं नयेत म्हणून त्यांचा दंश मोडणारें जनुकही बाळगतात. या माशीच्या अंगांत नेमकें तेंच वनस्पतीचें जनुक असल्याचें २०२१ सालीं उघडकीस आलें. चोरानें घरमालकाच्या किल्लीची नक्कल करून घ्यावी आणि पुढें ती नक्कल चोराच्या मुलांनातवंडांस जन्मतःच मिळावी, त्यांतला हा प्रकार.

आणि आंब्याला आंबा लागतो हें खरें असलें, तरी माणसाला माणूस कसा होतो हेंही पाहणें प्राप्त आहे. गर्भ आईच्या उदरांत ज्या वारेवर पोसतो, तिच्यांत पेशी एकमेकींत मिसळून झालेला एक अखंड थर असतो, आणि त्यांतून आईकडचें पोषण बाळाकडे जातें. हा थर घडविण्यास लागणाऱ्या एका प्रथिनाचें जनुक मुळांत एका विषाणूचें आहे, असें २००० सालीं सिद्ध झालें. कोट्यवधि वर्षांपूर्वीं हा विषाणु आमच्या वानरसदृश पूर्वजांस रोग म्हणून जडला. त्याचा उपद्रव गेला, आणि पेशी जोडण्याचें त्याचें कसब तेवढें मागें राहिलें. उंदरांच्या कुळानेंही असेंच कसब मिळविलें आहे, पण निराळ्या विषाणूंपासून. आपल्या एकूण जनुकसंचाचा सुमारें शेंकडा ८ भाग अशा जुन्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे. पेशीला शक्ति पुरविणाऱ्या ज्या तंतुकणिका, त्या तर एके काळीं स्वतंत्र जीवाणुच होत्या; लिन मार्ग्युलिस या विदुषीनें १९६७ सालीं हें मत आग्रहानें मांडलें, तेव्हां तें पुष्कळांस पटलें नाहीं; आज तें पाठ्यपुस्तकांत आहे.

या तंतुकणिका अपत्यास केवळ आईकडून मिळतात. हें लक्षांत आल्यावर आम्हीं स्नेह्यांचा कागद पुन्हा पाहिला. चौदा पिढ्यांत एकही स्त्री नव्हती! प्रत्येक पिढीस कोणा दुसऱ्या गांवची, दुसऱ्या कुळाची मुलगी सून म्हणून आली असली पाहिजे. निदान निम्मा वारसा तिचा. ‘बाहेरचें कांहीं आलें नाहीं’ हें म्हणणें टिकविण्यासाठीं चौदा सुनांचीं माहेरें गाळावीं लागलीं होतीं. त्यासाठीं विषाणूपर्यंत जाण्याची आवश्यकताच नव्हती. स्वयंपाकघरापर्यंत जाणें पुरेसें होतें.

येथें आमचा स्वतःचा तोल जाण्याचा संभव होता, हें कबूल केलें पाहिजे. परकें शोधण्याचीही एक नशा असते. मनुष्याच्या जनुकसंचाचें पहिलें वाचन २००१ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांत जीवाणूंकडून थेट आलेलीं दोनशेंवर जनुकें असावींत असें म्हटलें होतें. त्याच वर्षीं दुसऱ्या अभ्यासकांनीं फेरतपासणी करून ती संख्या पुष्कळच खालीं आणली. प्राण्यांत आणि मोठ्या वनस्पतींत आडवा वारसा घडतो तो क्वचित्. नित्याचा व्यवहार उभ्या वारशाचाच आहे. जीवाणूंच्या राज्यांत मात्र आडवा व्यवहार इतका चालतो, कीं फोर्ड डुलिटल या शास्त्रज्ञानें १९९९ सालीं स्पष्टच म्हटलें, येथें झाडाचें चित्र पुरें पडत नाहीं, जाळें काढावें लागेल. तात्पर्य, वंशवृक्ष खोटा नाहीं. तो अपुरा आहे. आमच्याकडील वडाचें झाड डार्विनच्या डोळ्यांपुढें असतें, तर त्यानें कदाचित् पारंब्याही काढल्या असत्या. एका फांदीवरून निघून दुसरीस गुंतणाऱ्या आणि कालांतरानें खोडच होऊन बसणाऱ्या.

आतां यावरून कोणी उत्साही तरुण म्हणेल, “मग ठरलें! मिश्रण हाच सृष्टीचा नियम. तेव्हां मिश्रण चांगलें.” आम्हांला हेंही मान्य करतां येत नाहीं. ज्या साक्षीदारास आमच्या स्नेह्यांच्या बाजूनें उभें राहूं दिलें नाहीं, त्यालाच आमच्या बाजूनें कसें उभें करावयाचें?

उदाहरणादाखल एका जनुकाची कथा सांगतों. २००८ सालीं, नवी दिल्लींत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या शरीरांत असे जंतु मिळाले, कीं शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या प्रतिजैविकांसही ते दाद देईनात. ज्या जनुकामुळें हें घडत होतें त्यास शोधकांनीं नवी दिल्लीचें नांव दिलें. आपल्याकडे या नांवाबद्दल मोठा संताप झाला, आणि तो अगदींच अकारण नव्हता; कारण जें जनुक एका जातीच्या जंतूंतून दुसऱ्या जातीच्या जंतूंत उडी घेतें, त्याला जन्मगांव चिकटविणें हाही एक कुलवृत्तांतच. परंतु नांवाच्या वादांत वस्तु हरवूं देऊं नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, अशा औषधांस न जुमानणाऱ्या २४ नमुन्यांपैकीं २२ नमुन्यांत तेंच जनुक असल्याचें नमूद आहे. विरारहून रोज सकाळीं जी गाडी चर्चगेटला जाते तिला जितकीं स्थानकें लागतात, तितकीही आडकाठी या जनुकास लागत नाहीं. येथें देवघेवीचें कौतुक करावें असें काय आहे? हीं जनुकें आपण निर्माण करीत नाहीं हें खरें. पण अनेकांतून कोणतीं तगावींत, हें आपल्या कपाटांतल्या अर्धवट संपविलेल्या औषधांच्या गोळ्या ठरवीत असतात. तो दोष सृष्टीच्या माथीं मारतां येणार नाहीं.

कापसाचें असेंच झालें. २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कापसास परवानगी मिळाली. मातींतल्या एका जीवाणूचें, बोंडअळीस मारक असें जनुक त्यांत माणसानें घातलेलें आहे, आणि तें बियाणें बाजारांत आणण्यांत जालन्याची महिको ही संस्था अग्रभागीं होती. विरोधक म्हणाले, एका जातीचें जनुक दुसऱ्या जातींत जाणें हेंच सृष्टिविरुद्ध आहे. रताळें त्यांस खोटें पाडतें. समर्थक म्हणाले, सृष्टि जें करते तेंच आम्ही करतों, मग भय कसलें? पण पुढें गुलाबी बोंडअळीनें तें विष पचविलें, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकऱ्यांनीं बोंडें फोडलीं तों आंत अळ्या. बियाण्याची किंमत कोणीं ठरवावी, पीक बुडाल्यास तोशीस कोणीं सोसावी, अळीस सवय होऊं नये म्हणून लावावयाच्या साध्या कापसाच्या ओळी कोणीं व कां गाळल्या, हे खरे प्रश्न होते. ‘हें निसर्गाविरुद्ध’ आणि ‘हें निसर्गानुसार’ या दोन आरोळ्यांत ते कोणासही ऐकूं आले नाहींत.

तेव्हां साक्षीदारास नमस्कार करून रजा दिली, आणि आम्ही पुन्हा खरवडलेल्या कागदापाशीं आलों. सृष्टि जर येथें निवाडा देत नाहीं, तर तें नांव परत लिहावें असें आम्हांला कां वाटतें? केवळ औदार्य म्हणून? तसें असेल तर स्नेह्यांनींही औदार्यानेंच नकार द्यावा.

या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांला वसईच्या घंटा आठवल्या. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला सर केला. त्यानंतर येथील चर्चच्या कांहीं घंटा देशावर गेल्या. एक नाशिकास गोदाकांठीं नारोशंकराच्या देवळांत आहे, एक भीमाशंकरी, एक वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावरील देवळांत. लूट ती लूटच. तिला दुसरें नांव देऊं नये. आणि ज्यांच्याकडून ती आणली त्यांनींही आपल्या दोनशें वर्षांच्या अमदानींत या किनाऱ्यावरचीं देवळें मोडलीं होतीं, तेंही विसरूं नये. आतां, नाशिकास दर्शनाला आलेली जी म्हातारी टांच उंचावून ती घंटा वाजविते, ती चोरीची भागीदार आहे काय? शेजारच्या वाडींतील जें कुटुंब रविवारीं मिस्सेस जातें, आणि ज्यांच्या पूर्वजास बाप्तिस्मा मनापासून घेतां आला कीं धाकानें हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं, तें त्या अमदानीच्या जुलमाचें भागीदार आहे काय? आमच्या मतें दोन्ही प्रश्नांचें उत्तर नाहीं असेंच आहे. वस्तु कोणत्या मार्गानें आली, त्याचा दोष आणणाऱ्याकडे. पुढें पिढ्यानुपिढ्या जे ती वापरतात, तिच्यासाठीं उठतात, तिची निगा राखतात, त्यांची ती झालेली असते. मूळ मार्ग पुसून गेला म्हणून नव्हे, तर ती त्यांच्या जगण्यांत शिरली म्हणून. वारेंतलें जनुक आतां विषाणूचें नव्हे, आईचें आहे.

परंतु येथें सृष्टींत आणि माणसांत एक फरक राहतो. रताळ्यास ठाऊक नाहीं कीं त्यानें काय घेतलें. आम्हांला ठाऊक असतें. जंतूकडे पश्चात्ताप नाहीं व कृतज्ञताही नाहीं. आम्हांला दोन्ही शक्य आहेत, आणि त्यांना आधार एकच, आठवण. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूस कडेवर घेतलेल्या मेरीची आकृति ओतलेली आहे. ती कोणीं घांसून काढली नाहीं. फडणिसांना शिल्पकार कांहीं कमी नव्हते. एका दुपारचें काम होतें. त्यांनीं काय विचार केला असेल तें आम्ही जाणत नाहीं. कदाचित् आवाज बिघडेल एवढेंच वाटलें असेल. पण पेशव्यांच्या मुत्सद्द्यानें घंटेवर जें राहूं दिलें, तें आमच्या स्नेह्यांनीं कागदावर राहूं दिलें नाहीं. घेण्यादेण्यांत अन्याय झाले असतील. त्यांची दाद कोणाकडे मागावयाची तो काळ गेला. खरवडणें मात्र आजचें आहे, आणि तें ज्या हातानें केलें तो हात आमच्या ओळखीचा आहे.

आम्हीं कागद परत पाठविला व सोबत लिहिलें, कीं प्रस्तावना अवश्य लिहूं. मात्र दुसऱ्या पिढींतील तें नांव व त्याखालची शाखा पूर्ववत् यावी, सुनांचीं नांवें व माहेरें जितकीं मिळतील तितकीं घालावीं, आणि तें एक वाक्य आमच्याकडून होणार नाहीं. पंधरा दिवस उत्तर आलें नाहीं. आम्हांला वाटलें, चाळीस वर्षांचा स्नेह गेला. परवां सकाळीं चिठ्ठी आली. तींत रागलोभाचा एक शब्द नाहीं. स्नेह्यांनीं एवढेंच विचारलें आहे, कीं पलीकडच्या वाडींतील त्या शाखेंत आज किती घरें आहेत तें कोणास ठाऊक असेल, आणि त्यांच्याकडे पॅरिशच्या जुन्या वह्यांतून नांवें उतरवून घेण्यास आपण बरोबर याल काय, कारण एकट्यानें जाण्यास त्यांस संकोच वाटतो.